नवऱ्याने कंपनीचे पैसे खाल्ले, सही मी का करू?

कोरा कागद

माझा नेहमीचा आयडी इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून हा नवा काढलाय. राग मानू नका.

नवरा भोसरीतल्या एका खाजगी कंपनीत ११ वर्षं अकाउंट्स बघत होता. गाड्यांचे सुटे भाग बनवतात. गेल्या महिन्यात ऑडिटमध्ये दोन व्हेंडर असे निघाले की ज्यांचं दुकानच कुठे नाही. बिलं आहेत, चलनं आहेत, माल नाही. कंपनी म्हणते ३८ लाख. नवरा म्हणतो "एवढे नाहीत". नाहीतच, असं काही म्हणत नाही. मोबाइलवर ट्रेडिंग करत होता म्हणे. मला हे ऑडिटनंतर कळलं.

परवा संध्याकाळी सातच्या सुमारास मालकांचे मेहुणे आणि आणखी दोघं घरी आले. मुलगा क्लासला होता हे नशीब. सोबत टाइप करून आणलेला ५०० चा स्टँपपेपर. त्यात लिहिलेलं की आम्ही दोघं मिळून ३८ लाख देणं लागतो, सहा महिन्यांत फेडू, तोवर फ्लॅटचे मूळ कागद आणि "घरातील सर्व सोने" त्यांच्या ताब्यात राहील. शिवाय माझ्या पगाराच्या खात्याचे दोन कोरे चेक. सही केली तर पोलिसात जाणार नाही. नाहीतर "वहिनी, उद्या गुन्हा दाखल, तुमचं पण नाव येईल."

माझं आडनाव चुकीचं टाइप झालं होतं. मेहुण्यांनी चहाचा कप त्या कागदावरच टेकवला, त्याचा गोल डाग उमटला, आणि मी बराच वेळ त्या डागाकडेच बघत बसले. सही केली नाही. "भावाला विचारून सांगते" म्हटलं. भाऊ नाहीये मला. रविवारपर्यंत मुदत दिलीय.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर, अजून नऊ वर्षं हप्ते आहेत. गेल्या वर्षी नवऱ्याने माझ्या खात्यात दोनदा मिळून १ लाख ४० हजार टाकले, बोनस म्हणाला. त्यातून मुलाची फी गेली.

नवऱ्याबद्दल काय वाटतं ते कृपया विचारू नका. मी कायद्याने कुठे उभी आहे एवढंच आत्ता कळायला हवंय.

खारी बिस्किट

सही करू नका. जाणकार येतीलच, पण तोवर सही करू नका.

नानबा

+१. आणि रविवारी घरी एकट्या थांबू नका.

देशपांडेकाका

स्पष्ट बोलतो, राग येईल. घरात जास्तीचा पैसा येत होता तेव्हा चौकशी केली होती का? संसार दोघांचा असतो. सुखात वाटा घेतला तर आता जबाबदारी झटकता येणार नाही. त्या मालकाचंही नुकसान झालंय.

मीरा ठाणे

काका, १ लाख ४० हजार म्हणजे ३८ लाखांचा वाटा का? दिवाळीत बोनस आला म्हणणाऱ्या नवऱ्याकडे सॅलरी स्लिप मागणारी बायको तुम्ही पाहिलीय का कधी? तुमच्या घरी चालतं का असं?

टवाळ

काकांच्या घरी काकू किराणा दुकानाची पावती पण मागतात. (हलके घ्या काका.)

बँकवाली

ताई, एक बारीक गोष्ट. गृहकर्ज चालू आहे ना? मग फ्लॅटचे मूळ कागद बँकेच्या तिजोरीत आहेत, तुमच्या कपाटात नाहीत. जे तुमच्याकडे नाहीच ते देण्याचं वचन त्यांनी कागदावर टाइप करून आणलंय. यावरूनच तो कागद कुणी किती विचार करून बनवला असेल ते दिसतं.

कोरा कागद

अरे हो की! हे डोक्यातच आलं नाही.

अ‍ॅड. शमी

पुण्यात फौजदारी आणि दिवाणी दोन्ही कामं करते. धाग्यावर वकीलपत्र घेता येत नाही, तेव्हा हे ढोबळ समजा आणि कागद घेऊन प्रत्यक्ष वकिलाला भेटा.

सगळ्यात आधी: नवऱ्याच्या देण्याला बायको आपोआप बांधील होत नाही. लग्न म्हणजे जामीनपत्र नव्हे. तुम्ही आज कंपनीचं काहीच देणं लागत नाही. तो स्टँपपेपर तेवढ्याचसाठी आणलाय, की सही होताच तुम्ही लागू लागाल. "दोघं मिळून देणं लागतो" या तीन-चार शब्दांत तुमचा पगार, फ्लॅटमधला तुमचा हिस्सा आणि तुमचं सोनं सगळं ओढलं जातं. मग कंपनीला चोरी सिद्धही करावी लागत नाही, नुसती सही दाखवायची.

कोरे चेक त्याहून वाईट. चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ खाली चेक परत गेला की नोटीस येते, १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर तक्रार, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सही तुमची असेल तर देणं होतं असंच कोर्ट धरून चालतं, नव्हतं हे तुम्ही दाखवायचं. म्हणजे आज ज्या बाईवर काहीच गुन्हा नाही ती सहा महिन्यांनी स्वतःच्या हाताने आरोपी. उलट बाजूही सांगते: जॉइंट खात्याचा चेक नवऱ्याने एकट्याने सही करून दिला असेल आणि तो परत गेला, तर सही न केलेल्या बायकोवर १३८ चालत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये अपर्णा शाह खटल्यात हे सांगितलंय, आणि तो खटला मुंबईतल्याच नवरा-बायकोचा होता.

आता "सही करा, मग पोलिसात जात नाही" याबद्दल. करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम २३ ला जी उदाहरणं जोडलीत त्यात एक असं आहे: एकाने दुसऱ्यावर जबरी चोरीचा खटला भरलाय, तो म्हणतो मी खटला सोडतो, दुसरा म्हणतो मी नेलेल्याची किंमत देतो. हा करार रद्दबातल. दीडशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यांना मेहुणे माहीत होते. पैसे परत करणं बेकायदा नाही, नीट वाचा. तक्रार दाबण्याचा सौदा बेकायदा आहे. तक्रार करण्याची नुसती धमकी दिली म्हणून लगेच तुम्ही त्यांच्यावर खंडणीचा गुन्हा घालू शकाल असंही समजू नका. खऱ्या गुन्ह्याची तक्रार करणं हा त्यांचा हक्क आहे. दमदाटी झाली, घर सोडेनात, हात धरला, असं काही घडलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा ११२.

तुमच्या अंगाला खरोखर चिकटू शकतं ते ते १ लाख ४० हजार. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल घेणं किंवा ठेवून घेणं हा गुन्हा आहे आणि अपहाराचा पैसाही त्यात येतो. पण घेणाऱ्याला माहीत असायला हवं, किंवा तसं मानायला सबळ कारण असायला हवं. नवऱ्याचा "बोनस आला" असा मेसेज मोबाइलमध्ये असेल तर तो पुसू नका, चार ठिकाणी जपा. फीची पावती जपा. आणि शक्य असेल तर तेवढी रक्कम कशीही करून बाजूला काढा. मेहुण्यांच्या हातात द्यायची नाही. वकिलामार्फत लेखी कळवायचं, की हक्क राखून ही रक्कम कोर्ट सांगेल तिथे जमा करायला तयार आहे. एवढं एक पत्र पुढे फार उपयोगी पडतं.

त्या स्टँपपेपरचा फोटो आहे का?

कोरा कागद

आहे. मेहुणे हात धुवायला गेले तेव्हा काढला. डागासकट.

अ‍ॅड. शमी

शाब्बास.

गोट्या

एक व्यवहारी सल्ला. नवऱ्याकडून फ्लॅटचा अर्धा हिस्सा आजच बक्षीसपत्राने तुमच्या नावावर करून घ्या. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोत बक्षीस दिलं तर मुद्रांक फक्त २०० रुपये. नंतर कंपनी आली तरी नवऱ्याच्या नावावर काहीच नाही. माझ्या चुलतभावाने केलंय.

अ‍ॅड. शमी

गोट्या, २०० रुपयांचं खरं आहे, बाकी अजिबात करू नका. घेणेकऱ्यांना चुकवायला केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येतं. त्यात तारीख ऑडिटनंतरची. आज जी बाई "मला काही माहीत नव्हतं" असं खरेपणाने सांगू शकते, तिने उद्या दुय्यम निबंधकाकडे जाऊन अंगठा टेकवला की तो खरेपणा संपला. शिवाय बँकेचा बोजा आहे, बँकेला न विचारता हे करणं म्हणजे तिसरं भांडण. सोनं आईकडे नेऊन ठेवणं, खातं रिकामं करणं, तेही नको. जे आहे ते आहे तिथे राहू द्या, फक्त कुठलं कुणाचं याचा पुरावा गोळा करा.

सोन्याबद्दल: लग्नात माहेरून, सासरून, पाहुण्यांकडून तुम्हाला मिळालेलं सगळं स्त्रीधन, ते तुमच्या एकटीचं. १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यापासून यात शंका नाही. नवऱ्याने अपहाराच्या काळात घेऊन दिलेला दागिना मात्र वेगळ्या डबीत धरा, त्यावर वाद होऊ शकतो. लग्नातले फोटो काढा. अल्बममध्ये कुठला हार, कुठल्या पाटल्या ते दिसतं, पावतीपेक्षा तो पुरावा बोलका असतो. आणि अगदी दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी जप्तीतून काही गोष्टी वगळलेल्या आहेत: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रूढीने बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ६०. मंगळसूत्रासाठी कुणी हात पुढे केला तर हे कलम सांगा.

नवऱ्याच्या पीएफला जप्ती लागत नाही. ग्रॅच्युइटी मात्र अशा प्रकरणात कंपनी रोखू शकते, ती हिशेबात धरू नका.

सातपूरकर

मी दुसऱ्या बाजूचा. नाशकात छोटं युनिट आहे, २२ माणसं. चार वर्षांपूर्वी स्टोअरकीपरने स्क्रॅपच्या गाड्या परस्पर काढल्या, मोजता मोजता १९ लाख झाले. त्याच्या मुलाच्या बारशाला मी गेलो होतो. काय होतं ते सांगतो: झोप जाते. बँकेचा हप्ता, जीएसटी, कामगारांचे पगार, आणि ज्याच्यावर किल्ल्या सोपवल्या तोच.

मीही त्याच्या घरी गेलो होतो. स्टँपपेपर घेऊनच. त्याच्या बायकोने सही केली. रडत केली. नंतर माझ्या वकिलाने तो कागद बघितला आणि म्हणाला, शेठ, हा फाडून टाका, समोरच्याच्या वकिलाने दमदाटीचा मुद्दा काढला तर तुमची खरी केस पण लंगडी पडेल. फाडला. त्या बाईला फोन करून सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. अजून टोचतं.

मालकाला खरा मार्ग म्हणजे फिर्याद आणि सोबत तीन वर्षांच्या आत वसुलीचा दावा, आणि आरोपी मालमत्ता विकतोय असं दिसलं तर निकालाआधीच जप्तीचा अर्ज. आमची फिडेलिटी गॅरंटी पॉलिसी (नोकराच्या अफरातफरीचा विमा) होती, विमावाल्यांनी पहिला कागद मागितला तो एफआयआरचाच. ताई, तुमच्या नवऱ्याच्या कंपनीची अशी पॉलिसी असेल तर तुम्ही सही करा नाहीतर नका करू, गुन्हा दाखल होणारच आहे. मेहुण्यांना हे माहीत असेल किंवा नसेल.

देशपांडेकाका

सातपूरकर, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझा पुन्हा वाचला. कोरा कागदताई, मी जरा घाईत लिहिलं. तुमच्या नवऱ्यावरचा राग तुमच्यावर निघाला.

इचलकरंजीची लेक

माझी कथा उलटी आहे पण विषय तोच, म्हणून लिहिते. आमच्याकडे नवरा नाही, नवऱ्याचा भागीदार खाऊन बसला. सूताचा धंदा, प्रायव्हेट लिमिटेड. दोन्ही घरच्या बायका कागदोपत्री डायरेक्टर. का, तर "कुणीतरी लागतं". सीएच्या ऑफिसातून मुलगा फाइल घेऊन यायचा, जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असायची. मी फोडणी देता देता सह्या केल्यात. गॅस बारीक करायचा, सही, परत पळी हातात.

भागीदाराने माल स्वतःच्या दुसऱ्या फर्मला उधारीवर दाखवला आणि वसुली तिकडेच जिरवली. बँकेची नोटीस आली तेव्हा कळलं की त्या फुल्यांमधली एक फुली बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या वैयक्तिक हमीवर होती. माझी. हमीदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, हे मी तोवर कशाला वाचते.

पहिली चूक केली ती तडकाफडकी राजीनाम्याची. डायरेक्टरपद सुटतं, पण तुम्ही पदावर असतानाचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं, आणि हमी तर राजीनाम्याने हलतच नाही. उलट डायरेक्टर असताना कंपनीची पुस्तकं बघायचा हक्क असतो, तो मी घालवून बसले. आमच्या वकिलीणबाईंनी कपाळावर हात मारला. मग पुस्तकं नवऱ्याच्या नावाने मागितली. शेअर एक दशांशाच्या वर असल्याने मुंबईला कंपनी न्यायाधिकरणात, एनसीएलटीत, कलम २४१ खाली गैरकारभाराचा अर्ज घालता आला. पोलीस आधी "हा तुमचा भागीदारीतला हिशेब, दिवाणी बाब" म्हणून परत पाठवत होते. पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार, तिथेही हालचाल नाही म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, तेव्हा कुठे गुन्हा नोंदला गेला. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, त्यामुळे निदान मुंबईच्या रेल्वेच्या खेपा काही कामांना वाचल्या. अजून चालू आहे सगळं.

आता घरात कुठलाही कागद आला की मी आधी गॅस बंद करते.

खारी बिस्किट

ती पेन्सिलीची फुली! माझ्या आईच्या सगळ्या एलआयसी फॉर्मवर आहे. आज रात्री फाइल काढते.

मीरा ठाणे

म्हणजे एकीची सही अजून व्हायची आहे आणि दुसरीची होऊन गेलीय, एवढाच फरक.

कोरा कागद

रविवार झाला. नणंदेचे यजमान आणि सोसायटीचे सेक्रेटरी घरी बसवले होते. मेहुणे आले, मी एकच वाक्य पाठ केलं होतं: "जे असेल ते वकिलामार्फत लेखी द्या." तीनदा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज फुटला पण वाक्य पूर्ण केलं. गेले.

बुधवारी गुन्हा दाखल झाला. एफआयआर पोलिसांच्या साइटवरून काढली. कलम ३१६(४), ३१८(४), ३३६(३), ३४०(२), ३४४ आणि शिवाय जुन्या आयपीसीची पण कलमं, ४०८, ४२० वगैरे. माझं नाव नाही. पण काल माझं पगाराचं खातं गोठवलं. आणि एका हवालदारांचा फोन, "मॅडम, जबाबाला चौकीत या." जायचं का? आणि दोन-दोन कायद्यांची कलमं का?

अजून एक. नवऱ्याने त्या रात्री मला सगळं सांगितलं. कधीपासून, कसं, कुणाच्या खात्यातून. पोलिसांना ते सांगावं लागेल का? नाही सांगितलं तर मी लपवलं असं होईल का? सांगितलं तर... पुढचं लिहवत नाही.

बँकवाली

आधी खातं. शाखेत जाऊन पोलिसांच्या पत्राची प्रत मागा, निदान पोलीस ठाणं आणि गुन्हा रजिस्टर नंबर तरी लिहून घ्या. पूर्ण खातं गोठवलंय की ठरावीक रकमेवर लिएन (तेवढीच रक्कम अडकवणं) लावलाय ते विचारा, दोन्हीत फार फरक आहे. लॅबला सांगून या महिन्याचा पगार दुसऱ्या बँकेतल्या नव्या, फक्त तुमच्या नावाच्या खात्यात घ्या. यात लपवाछपवी काही नाही, पगार तुमचा आहे. आणि काही झालं तरी घराचा हप्ता चुकवू नका. तुम्ही सहकर्जदार आहात, नवरा आत असो वा बाहेर, बँक तुम्हालाच फोन करणार. ९० दिवस थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज), मग सरफेसीची (बँकांच्या कर्जवसुलीचा कायदा) ६० दिवसांची नोटीस.

अ‍ॅड. शमी

एकेक घेते.

दोन कायदे: नवा कायदा, म्हणजे न्याय संहिता, १ जुलै २०२४ पासून लागू. त्याआधीची खोटी बिलं असतील तर त्यांना आयपीसी, नंतरच्यांना न्याय संहिता.

३१६(४) म्हणजे नोकराने केलेला विश्वासघात. यातल्या तुम्ही दिलेल्या कलमांना जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा आहे, आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी ऊठसूट अटक करायची नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, हा २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासूनचा नियम. अटक होणारच नाही याची खात्री मात्र नाही, म्हणून नवऱ्याने अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात टाकावा. तो त्याचा वकील बघेल. तुमचा वकील वेगळा ठेवा. हे ठळक अक्षरात वाचा: त्याचा वकील त्याला वाचवणार, आणि कधीतरी त्याला वाचवायचं म्हणजे "बायकोला माहीत होतं" असंही म्हणावं लागतं.

चौकीत जायचं नाही. साक्षीदार म्हणून बाईचा जबाब ती राहते तिथेच घ्यायचा, नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम १७९. हवालदारांना नम्रपणे सांगा, लेखी समन्स पाठवा आणि घरी या, मी थांबते. जबाबाच्या वेळी नणंद शेजारी बसू दे.

खातं: पोलीस त्याच संहितेच्या कलम १०६ खाली गोठवतात. बँक खातं ही जप्त करता येणारी मालमत्ता आहे हे १९९९ पासून ठरलेलं आहे, तेव्हा त्यावर वाद नको. वाद करायचा तो रकमेवर. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम ५०३ खाली अर्ज: वादातले १ लाख ४० हजार रोखून ठेवा, बाकी पगार मोकळा करा. सोबत तीन वर्षांचं स्टेटमेंट, लॅबचं पगारपत्रक, फीची पावती, तो मेसेज.

आता त्या रात्रीबद्दल. लग्नाच्या नात्यात नवऱ्याने बायकोला सांगितलेली गोष्ट उघड करायची सक्ती तिच्यावर करता येत नाही. साक्ष अधिनियमाचं कलम १२८, जुनं १२२. एवढंच नाही, तुम्ही स्वतःहून सांगायला निघालात तरी त्याच्या संमतीशिवाय कोर्ट ती साक्ष घेणार नाही. नवरा-बायकोतला आपसातला दावा असेल किंवा एकाने दुसऱ्यावरच गुन्हा केला असेल तर गोष्ट वेगळी. पण हे संरक्षण बोलण्याला आहे, बघण्याला नाही. १९५४ चा राम भरोसे खटला आहे, खुनाचा: नवरा पहाटे छपरावरून उतरला, भुशाच्या कोठीत शिरला, अंघोळ केली, हे बायकोने पाहिलेलं कोर्टाने ऐकलं. तो तिला काय म्हणाला ते वगळलं. तुमच्या बाबतीत, त्याने काय सांगितलं ते तुमच्यापाशीच. पण घरात खोट्या बिलांची पुस्तकं पाहिली असतील, आणि विचारलं, तर "पाहिली नाहीत" असं खोटं बोलू नका. आणि घरात असं काही असेल तर फाडू, जाळू, लपवू नका. तिथून तुमचा स्वतंत्र गुन्हा सुरू होतो.

नानबा

आणि कंपनीशी तडजोड होऊ शकते का शेवटी? पैसे भरून?

अ‍ॅड. शमी

होते, कोर्टासमोर. ३१६(४) कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं. पण इथे ३४४ म्हणजे हिशेबात खोटेपणा, ते आणि खोट्या दस्तांची कलमं तशी मिटत नाहीत, त्यासाठी हायकोर्टात जाऊन संमतीने गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. स्टँपपेपरवर मेहुण्यांच्या सहीने मिटत नाही, हा मुद्दा. आणि तडजोडीत पैसे कुणाच्या हिश्शातून जाणार हे ठरवताना तुम्ही वेगळ्या बाजूला वेगळ्या वकिलासह बसा. फ्लॅटचा अर्धा भाग तुमचा आहे, तो त्याच्या वतीने कुणी देऊन टाकू शकत नाही.

फीची चिंता असेल तर: बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. १९८७ चा विधी सेवा कायदा, कलम १२. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, फोन १५१००.

टवाळ

पगार असणाऱ्या बाईलाही मोफत? मला हे खरंच माहीत नव्हतं. पहिल्यांदाच या धाग्यावर गंभीर.

मीरा ठाणे

शमी, उद्या नवऱ्याने चिडून हिचंच सोनं मोडलं किंवा हिला घराबाहेर काढलं तर?

अ‍ॅड. शमी

तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५. स्त्रीधन परस्पर विकणं हा त्यात आर्थिक छळ आहे, आणि राहत्या घरात राहण्याचा हक्कही त्यातच. पोटगी हवी असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, जुनं १२५. घटस्फोटाचा निर्णय या गडबडीत घेऊ नका, एवढं वकील म्हणून नाही, बाई म्हणून सांगते.

कोरा कागद

उशिरा लिहितेय, सॉरी.

१५१०० ला फोन केला. वकील मिळाल्या, माझ्यापेक्षा लहान आहेत, पण कागद बोटाने ओळ न ओळ वाचतात. जबाब घरी झाला. एक महिला पोलीस आणि ते हवालदार. चहा विचारला, त्या बाई म्हणाल्या "पाणी द्या फक्त". ज्या गोष्टी मी पाहिल्या त्या सांगितल्या, दोनच होत्या. नवऱ्याने काय सांगितलं असं विचारलं तेव्हा वकीलबाईंनी लिहून दिलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

अल्बम काढला. लग्नात माझ्या गळ्यात आजीचा चपलाहार आहे, तो ओळखू येतो. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी दिलेले कानातले वेगळ्या पाकिटात घालून वर तारीख लिहिली.

१ लाख ४० हजारांपैकी ९० जमले, मामाकडून उरलेले घेतले. पत्र गेलं. गेल्या गुरुवारी न्यायदंडाधिकाऱ्यांनी १ लाख ४० हजार सोडून खातं मोकळं करायचा आदेश दिला. बँकेला पोचायला चार दिवस लागले.

नवऱ्याला अटकपूर्व जामीन मिळाला. तो हॉलमध्ये झोपतो. आमचं बोलणं दूध, गॅस, मुलाचा क्लास एवढंच.

सातपूरकरदादा, तुम्ही त्या ताईंना अजून फोन केला नसेल तर करा. कागद फाडलाय हे त्यांना माहीत नसेल, तर त्या अजून कुठल्यातरी रविवारची वाट बघत असतील.

सातपूरकर

नंबर बदललाय त्यांचा. त्याच्या भावाकडून घेतो उद्या.